कोयता सापडला, पण हाच तो कशावरून?

समजा, कसबे डिग्रजच्या शिवारात पहाटे उसाला पाणी पाजायला गेलेल्या माणसाला सरीत एक मृतदेह दिसला. त्याच्या ओरडण्यानं शेजारच्या रानातले चारजण धावत येतात. कुणीतरी पोलीस पाटलांना फोन लावतं. पोलिसांची गाडी येईपर्यंत बांधावर निम्मं गाव गोळा झालेलं असतं. ओळख पटवायची म्हणून कुणी अगदी जवळ जाऊन वाकून बघतं, कुणी घरातून चादर आणून अंगावर टाकतं. दोन पोरं व्हिडिओ काढतात आणि तो व्हिडिओ पोलिसांच्या आधी सांगलीत पोचतो.

यात कुणाचाच हेतू वाईट नाही, पण तपासाचं पहिलं नुकसान इथंच होऊन जातं. त्या चादरीचे धागे, घरातल्या माणसांचे केस, कुत्र्या-मांजराची लव, सगळं आता मृतदेहावर आहे. मृतदेहावर कुणाचा परका केस असेलच, तर तो चादरीला चिकटून गेला असण्याची शक्यता आहे. फ्रान्समधल्या लिआँ शहरात 1910 साली एडमंड लोकार यांनी पोलिसांसाठी प्रयोगशाळा उभी केली. त्यांच्या नावानं ओळखलं जाणारं तत्त्व सरळ आहे: दोन गोष्टींचा स्पर्श झाला की दोन्हींवर एकमेकींचा काही ना काही अंश राहतो. आरोपीचा अंश तिथं राहतो म्हणून तो सापडतो. पण बघ्यांचाही अंश तिथंच राहतो, हे आपल्याकडे सोयीस्करपणे विसरलं जातं.

गुन्ह्याच्या तपासाबद्दल वाचताना-बघताना आपलं सगळं लक्ष ‘पुरावा सापडला का’ याकडे असतं. सांगलीच्या काय किंवा कुठल्याही जिल्हा न्यायालयात काय, खटला अडतो तो बहुतेक वेळा वेगळ्याच प्रश्नावर. सापडला हे कबूल, पण कोर्टापुढं ठेवलेली वस्तू म्हणजे त्या दिवशी त्या सरीत मिळालेलीच वस्तू, हे कशावरून? आणि मधल्या काळात तिला कुणी हात लावला नाही, हे कशावरून?

आधी मोटर बंद करा

घटनास्थळी पहिला पोचणारा बहुधा बीटचा अंमलदार असतो, कुणी तज्ज्ञ नसतो. माणसात जीव असेल तर पहिलं काम त्याला दवाखान्यात हलवण्याचं. त्यापुढं सगळे पुरावे दुय्यम. जीव नसेल तर काम एकच, आहे ते आहे तसं राखणं. डिग्रजच्या उदाहरणात याचा अर्थ आधी पाण्याची मोटर बंद करणं. सरीतून पाणी फिरलं की पायांचे ठसे, मातीतलं रक्त, झटापटीच्या खुणा तासाभरात गेल्या. मग दोरी किंवा पट्टी बांधून घेरा करायचा. तो मृतदेहाला चिकटून करायचा नाही. माणूस आत आला कुठून आणि बाहेर पडला कुठून, त्या वाटाही घेऱ्यात हव्यात. आत जायला-यायला एकच वाट ठरवायची, शक्यतो आरोपीनं वापरली नसेल अशी, आणि आत कोण कधी गेलं ते लिहून ठेवायचं. साहेब लोकही याला अपवाद नाहीत. खरं तर घेरा ओलांडायचा मोह सगळ्यात जास्त त्यांनाच होतो.

त्यानंतर फोटो. आधी लांबून सगळं रान, मग मधल्या अंतरावरून, मग प्रत्येक वस्तू जवळून: एकदा आहे तशी आणि एकदा शेजारी मोजपट्टी ठेवून. फोटो होईपर्यंत कशालाच हात लावायचा नाही.

कच्चा नकाशा काढायचं काम वरवर कंटाळवाणं वाटतं, पण ऊसपट्ट्यात ते फार मोलाचं आहे. खटला उभा राहीपर्यंत तो ऊस तुटून कारखान्यात गेलेला असतो, खोडवाही निघालेला असतो, कधी बांधही सरकलेला असतो. ‘उसाच्या तिसऱ्या सरीत’ असं लिहून ठेवलं तर दोन वर्षांनी त्याला काही अर्थ उरत नाही. म्हणून न हलणाऱ्या दोन खुणा धरायच्या, विजेचा खांब आणि विहीर अशा, आणि प्रत्येक वस्तूचं अंतर दोन्हींपासून मोजायचं. मग रान रिकामं झालं तरी कोयता नेमका कुठं पडला होता ते कागदावरून पुन्हा ठरवता येतं.

हे सगळं ज्या कागदावर उतरतं तो घटनास्थळ पंचनामा. पंच म्हणजे पोलिसांशी आणि प्रकरणाशी संबंध नसलेले साक्षीदार. पूर्वी जवळचा टपरीवाला किंवा रस्त्यानं जाणारा कुणीतरी धरला जायचा. तो कोर्टात उभा राहिला की ‘पोलिसांनी सही करायला सांगितली, केली’ म्हणून मोकळा व्हायचा. पंच फितूर झाला, असं आपण बातमीत वाचतो ते हे. गंभीर गुन्ह्यांत सरकारी कर्मचाऱ्यांना पंच म्हणून बोलवायची पद्धत आली ती याच अनुभवातून.

1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनं यात दोन मोठे बदल केले. सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायसहायक तज्ज्ञानं घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा करणं आणि त्याचं चित्रीकरण करणं कलम 176 नं बंधनकारक केलं आहे. त्यासाठी यंत्रणा उभारायला राज्यांना पाच वर्षांपर्यंतची मुदत दिली आहे. दुसरं, कलम 105 प्रमाणे झडती आणि जप्तीचं दृकश्राव्य चित्रीकरण करून ते विनाविलंब दंडाधिकाऱ्यांकडे पाठवायचं. चित्रीकरणासाठी ‘ई-साक्ष्य’ नावाचं अ‍ॅप आहे. त्यात व्हिडिओबरोबर वेळ आणि ठिकाणही नोंदलं जातं. पंच फिरला तरी व्हिडिओ फिरत नाही, असा यामागचा हिशेब. तो बराचसा खरा आहे. पण कॅमेरा मृतदेहाजवळ जाऊन थांबला आणि चार फुटांवरचं चपलेचं पाऊल चौकटीत आलंच नाही, तर बचाव पक्षाच्या वकिलाला तेही दाखवता येतं.

श्वान पथकाबद्दल गावात फार कुतूहल असतं. कुत्रा अमक्याच्या दारात जाऊन थांबला, की गावापुरता निकाल लागतो. कोर्टात मात्र त्याला फारशी किंमत नाही. कुत्र्याची उलटतपासणी घेता येत नाही. त्याचा उपयोग तपासाला दिशा देण्यापुरता.

डाग उचलायचा कसा

आता कोयत्याकडे येऊ. पाचटाखाली एक कोयता मिळाला, पात्यावर तपकिरी डाग, मुठीवरही थोडे. उचलणाऱ्याच्या हातात मोजे हवेत आणि प्रत्येक वस्तूनंतर ते बदलायला हवेत. नाहीतर शर्टावरचं रक्त मोज्यामार्गे कोयत्यावर जाईल आणि तपास करणाऱ्यानंच पुरावा तयार केल्यासारखं होईल. मूठ धरून उचलायचं नाही, कारण तिथंच धरणाऱ्याचा घाम आणि त्वचेच्या पेशी असण्याची शक्यता सगळ्यात जास्त.

वाळलेला डाग उचलता न येणाऱ्या जागी, म्हणजे विहिरीच्या कठड्यावर वगैरे असेल, तर निर्जंतुक कापसाचा बोळा ऊर्ध्वपातित पाण्यानं जेमतेम ओला करून त्यावर फिरवतात. मग शेजारच्या स्वच्छ जागेवरून तसाच दुसरा बोळा घेतात. हा दुसरा नमुना लोकांना निरर्थक वाटतो, पण डागात जे दिसलं ते डागाचंच, कठड्याचं नव्हे, हे त्याच्यावरूनच सांगता येतं. मातीचंही तसंच: रक्त सांडलेली माती एका पुडीत, थोड्या अंतरावरची साधी माती दुसऱ्या पुडीत.

नंतरची गोष्ट सगळ्यात सोपी आणि सगळ्यात जास्त चुकणारी आहे. रक्तानं भिजलेला कपडा सावलीत, वाऱ्यावर पूर्ण वाळवून कागदात गुंडाळायचा. टीव्हीवरच्या मालिकांमध्ये तो पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत टाकतात, दिसायलाही छान दिसतो. पण ओला कपडा प्लास्टिकमध्ये कोंडला की ओल बाहेर जात नाही, बुरशी आणि जंतू वाढतात आणि डीएनए कुजून जातो. उन्हात वाळवला तरी नुकसानच. सांगलीच्या जुलैतल्या दमट हवेत कपडा नीट वाळायला वेळ लागतो. पोलीस ठाण्यात अशी बंदिस्त, स्वच्छ, वारा खेळणारी जागा असणं हीच मोठी सोय म्हणायची.

मग सील. वस्तू कागदात, वरून कापड, दोऱ्यानं बांधणी. गाठीवर लाख वितळवून टाकायची आणि गरम असतानाच पितळी मोहर दाबायची. पंचांच्या आणि तपास अधिकाऱ्याच्या सह्यांचं लेबल असं लावायचं की पुडकं उघडायचं झालं तर ते फाटलंच पाहिजे. त्याच मोहरेचा एक ठसा वेगळ्या कागदावर घेऊन तो नमुना प्रयोगशाळेला पाठवायचा. पतसंस्थेत सोनं तारण ठेवताना सराफ तुमच्यासमोर वजन करतो, पाकीट बंद होतं, त्यावर तुमची सही घेतात, रजिस्टरला नंबर पडतो. आणि सोडवायला गेल्यावर तुम्ही दागिना बघण्याआधी पाकिटाचं सील बघता. मुद्देमालाचा सगळा व्यवहार याच अविश्वासावर उभा आहे. फरक एवढाच की इथं तारण एखाद्याचं आयुष्य असतं.

पुडकं पोलीस ठाण्यात आलं की मुद्देमाल कारकून नोंद करतो. तिथून प्रयोगशाळेत जाताना कोणता अंमलदार, कोणत्या पत्रानं, कोणत्या दिवशी घेऊन गेला ते लिहिलं जातं आणि प्रयोगशाळा पोच देते. सांगलीकडचा मुद्देमाल तपासणीच्या प्रकाराप्रमाणे कोल्हापूरच्या प्रादेशिक न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत, पुण्याला किंवा मुंबईत कलिनाला जातो. तिथून येणाऱ्या अहवालाला पोलीस आणि वकील अजूनही सवयीनं ‘सीए रिपोर्ट’ (केमिकल अ‍ॅनालायझर, म्हणजे रासायनिक विश्लेषकाचा अहवाल) म्हणतात. त्यात मिळालेल्या पुडक्यांची सीलं शाबूत होती का आणि पाठवलेल्या नमुन्याशी जुळली का, याची नोंद असते. रक्त कुणाचं हे वाचायची सगळ्यांना घाई असते. मुरलेला फौजदारी वकील मात्र आधी ही नोंद वाचतो आणि मग तारखा जुळवत बसतो: जप्ती कधी, प्रयोगशाळेत पोच कधी, आणि मधले दिवस वस्तू होती कुठं.

त्या मधल्या दिवसांनी मोठमोठे खटले कोसळले आहेत. दिल्लीच्या छावला प्रकरणात, म्हणजे एका तरुणीवरच्या बलात्काराच्या आणि खुनाच्या खटल्यात, खालच्या दोन्ही न्यायालयांनी फाशी दिली होती, पण नोव्हेंबर 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं आरोपींना सोडलं. अनेक कारणांपैकी एक म्हणजे डीएनएसाठीचे नमुने 2012 च्या फेब्रुवारीत जप्त होऊनही काही दिवस पोलिसांच्या मालखान्यातच पडून होते आणि त्या काळात त्यांच्याशी छेडछाड झालीच नाही असं म्हणता येत नव्हतं. त्या निकालावर देशभर संताप उसळला, आणि तो समजण्यासारखा होता. पण त्याचा मोठा वाटा ज्यांनी नमुने मालखान्यात ठेवले त्यांच्या खात्यावर जायला हवा होता, असं मला वाटतं. जुलै 2025 मध्ये तमिळनाडूतल्या एका खटल्याच्या निमित्तानं सर्वोच्च न्यायालयानं साऱ्या देशासाठी नियमच घालून दिला: डीएनएचे नमुने 48 तासांच्या आत प्रयोगशाळेत पोचवायचे, उशीर झाला तर कारण लिहायचं, सील एकदा लागलं की खटल्याच्या न्यायालयाच्या परवानगीशिवाय उघडायचं नाही, आणि नमुना गोळा केल्यापासून निकालापर्यंत कुणाकुणाच्या ताब्यात होता त्याचं रजिस्टर ठेवायचं.

प्रयोगशाळा काय सांगते, काय सांगत नाही

प्रयोगशाळेत पहिला प्रश्न: हे रक्तच आहे का? फिनॉल्फ्थॅलीनच्या चाचणीत डाग गुलाबी होतो, पण काही वनस्पतींच्या रसानंही तो रंग येऊ शकतो, म्हणून ही फक्त प्राथमिक चाचणी. मग, रक्त माणसाचं का जनावराचं? ‘साहेब, बोकड कापला होता’ हा जुना बचाव इथंच टिकतो किंवा पडतो. पूर्वी त्यापुढं रक्तगटापर्यंतच मजल जायची. ‘कोयत्यावर ओ गटाचं रक्त, मयताचा गटही ओ’ एवढ्यावर सरकार पक्ष उभा राहायचा. पण तो गट तर गावात कितीतरी जणांचा असतो. डीएनएनं हे चित्र बदललं. इंग्लंडमध्ये लेस्टर विद्यापीठात अ‍ॅलेक जेफ्रीज यांनी 1984 मध्ये हे तंत्र शोधलं. एकसारखी जुळी भावंडं सोडली तर दोन माणसांचा डीएनए तंतोतंत सारखा नसतो.

तरीही डीएनए गोष्ट सांगत नाही. ऊसतोड करणाऱ्या माणसाचा हात पात्यानं आणि पाचटानं रोजच कापतो. त्याच्याच कोयत्याच्या मुठीवर त्याचंच रक्त मिळालं, तर त्यातून फक्त कोयता त्याचा आहे एवढंच कळतं. पात्यावर मयताचा डीएनए आणि मुठीवर त्याचा, असं दोन्ही मिळालं तर मुद्दा पुढं सरकतो. आणि डीएनए तिथं कधी आला, कशानं आला, हे अहवाल सांगू शकत नाही.

कोयता मिळाला कसा, यालाही तेवढंच महत्त्व. पोलिसांपुढं दिलेला कबुलीजबाब कोर्टात चालत नाही. मात्र आरोपीनं ‘मी तो अमक्या जागी लपवला आहे, दाखवतो’ असं सांगितलं आणि त्यावरून वस्तू मिळाली, तर तेवढंच वाक्य पुराव्यात येतं. पूर्वीचं पुरावा कायद्याचं कलम 27, आता भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 23 मध्ये आहे. त्याला निवेदन पंचनामा म्हणतात. जाता-येता कुणालाही दिसेल अशा उघड्या जागेवरून कोयता ‘काढून दिला’ तर त्याला वजन नाही, कारण ती जागा फक्त आरोपीलाच माहीत होती असं म्हणता येत नाही.

बोटांच्या ठशांची कथा आपल्या देशाशी फार जवळून जोडलेली आहे. जगातलं पहिलं अंगुलीमुद्रा कार्यालय 1897 मध्ये कोलकात्यात निघालं आणि ठशांच्या वर्गीकरणाचं मूळ काम अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन फौजदारांनी केलं. पद्धतीला नाव मात्र त्यांच्या वरिष्ठाचं, एडवर्ड हेन्री यांचं लागलं. घरफोडीत आजही ठसेतज्ज्ञच आधी लागतो. लोखंडी कपाटावर बारीक भुकटी ब्रशनं हलकेच फिरवली की घामाच्या रेषांना चिकटून ठसा उठतो आणि तो चिकटपट्टीवर उचलतात. कागदावर निनहायड्रिन वापरतात, त्यात घामातल्या अमिनो आम्लांमुळे ठसा जांभळा होतो. घरच्यांनी ‘काय काय गेलं’ ते बघायला सगळे कप्पे उघडून ठेवले असतील, तर तज्ज्ञाला आधी घरच्यांचेच ठसे घेऊन वेगळे काढत बसावं लागतं.

कृष्णाकाठच्या गावांना एक प्रश्न नेहमी पडतो. नदीत मिळालेला माणूस बुडून मेला की मेल्यावर पाण्यात टाकला? यावर डायाटम चाचणी करतात. डायाटम म्हणजे पाण्यातलं अतिसूक्ष्म शैवाल, ज्याचं कवच वाळूसारख्या सिलिकाचं असतं. जिवंत माणूस बुडताना पाणी फुप्फुसात ओढतो. हृदय चालू असल्यानं ते शैवाल रक्तातून हाडाच्या मगजापर्यंत पोचतं. मेलेल्याच्या फुप्फुसात पाणी शिरलं तरी रक्त फिरत नसल्यानं ते मगजात जात नाही. म्हणून शवविच्छेदनात छातीचं किंवा मांडीचं हाड काढून ठेवतात. नायट्रिक आम्लात मगज विरघळतो, कवच उरतं. पण तुलनेला त्याच ठिकाणचं पाणी बाटलीत भरून पाठवलेलं नसेल तर चाचणी अर्धीच. विहिरीतलं, म्हैसाळ योजनेच्या कालव्यातलं आणि हरिपूरच्या संगमावरचं शैवाल सारखं असेलच असं नाही, आणि कधी कधी त्या फरकातूनच मृतदेह दुसरीकडून आणून टाकल्याचा संशय बळावतो. डायाटम मिळाले नाहीत म्हणून बुडालाच नाही, असं मात्र म्हणता येत नाही.

‘व्हिसेरा राखून ठेवला’ हे वाक्यही बातम्यांत येतं आणि लगेच गावात विषप्रयोगाची कुजबुज सुरू होते. त्याचा अर्थ एवढाच की मिरज सिव्हिल किंवा सांगली सिव्हिलच्या डॉक्टरांनी मृत्यूचं कारण अजून ठरवलेलं नाही. जठर आणि त्यातला ऐवज, लहान आतड्याचा भाग, यकृत, प्लीहा, मूत्रपिंड यांचे भाग बहुतेक वेळा मिठाच्या संपृक्त द्रावणात ठेवून तपासणीला पाठवतात. फॉर्मॅलिन वापरत नाहीत, कारण त्यातून विष वेगळं काढणं अवघड होतं. द्राक्षबागांच्या या जिल्ह्यात घरोघरी फवारणीची औषधं असतात, त्यामुळे या बरण्यांचं महत्त्व इथं जरा जास्तच.

मोबाईल आणि सीसीटीव्ही हा आता सगळ्याच गुन्ह्यांचा भाग झालाय. सीसीटीव्हीच्या यंत्रात जुनं चित्रण आपोआप पुसून त्यावर नवं चढतं, म्हणून पहिल्या एक-दोन दिवसांतच ते घ्यावं लागतं. दुकानातल्या यंत्राचं घड्याळ मागंपुढं असणं तर नेहमीचंच. खरी वेळ आणि यंत्रावरची वेळ यांतला फरक पंचनाम्यात लिहिला नाही, तर आरोपी गुन्ह्याच्या वेळी मार्केट यार्डात होता असं त्याच चित्रणावरून दाखवता येईल. प्रत काढताना तिचं हॅश मूल्य घेतात. फाइलमध्ये तिळाएवढाही बदल झाला तरी हा आकडा बदलतो. सोबत साक्ष अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र लागतं. जालन्यातल्या विधानसभा निवडणुकीच्या वादात 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं असं प्रमाणपत्र अनिवार्य असल्याचं पक्कं केलं. त्यामुळे व्हॉट्सअ‍ॅपवर फिरलेला डिग्रजचा तो व्हिडिओ कितीही स्पष्ट असला, तरी पोलिसांना शेवटी ज्यानं काढला त्याचा मूळ फोनच लागतो.

निकालानंतर मुद्देमालाचं काय होतं, हे फारसं कुणी विचारत नाही. पोलीस ठाण्यांच्या आवारात गंजत पडलेल्या दुचाक्या आपण सगळ्यांनी बघितल्यात, त्याही मुद्देमालच. नव्या संहितेच्या कलम 497 प्रमाणे वस्तू न्यायालयापुढं आल्यापासून 14 दिवसांत तिचं वर्णन तयार करायचं, फोटो किंवा चित्रीकरण करायचं आणि त्यानंतर 30 दिवसांत ती परत द्यायची, विकायची की नष्ट करायची याचा आदेश काढायचा. ट्रॅक्टर, दुचाकी, चोरीचे दागिने यांच्या मालकांना याचा फायदा आहे. वकिलामार्फत अर्ज करताना या कलमाचा उल्लेख जरूर करावा. डाग असलेला कोयता मात्र अपिलाची मुदत संपेपर्यंत, अपील झालं तर त्याचा निकाल लागेपर्यंत ठेवावाच लागतो, कारण वरच्या कोर्टातही पहिला प्रश्न तोच येणार असतो.